दादाची बहीण

सत्तरच्या दशकात कोलकात्याच्या एका मनोरुग्णालयात मी स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या भावंडांना प्रश्न विचारून गुण मांडत असे. तो आजार त्यांच्यातही उतरण्याचा धोका किती, हे त्यावरून जोखायचं होतं.

एका दुपारी खिदिरपूरहून एका रुग्णाची बहीण आली. प्रत्येक उत्तराआधी ती खिडकीकडे मान कलती करून थांबे.

“कोणी नसताना हाक ऐकू येते?” मी विचारलं.

“येते, दीदी. गोड असते.”

तिचे गुण, म्हणजेच धोका, चढत गेला. अखेर तिनंच विचारलं, “दादाचा आजार मला होईल?”

“सांगता येत नाही,” मी चाचरत म्हणाले.

“झाला तर होऊ दे. दादा काय बोलतो, ते घरात कोणाला तरी कळायला हवं ना!”

मी तिला वॉर्डात नेलं. ती भावाच्या कानाशी काही पुटपुटली. वर्षभर कोणाकडे न पाहणारा तो खळखळून हसला. मला ते स्पष्ट ऐकू आलं आणि बंगालीही उत्तम येई, तरी एकही शब्द कळला नाही.