खंडेनवमीला पुसलेली आगगाडी

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुसायची पद्धत आहे. हत्यारं म्हणजे तलवार-भाला नव्हे. मी फौंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं ओतकामाचा साचा पाडतात ते नमुने, करणारा माणूस. माझी हत्यारं म्हणजे रंधा, पटाशी, गुण्या आणि मोडक्या मुठीची एक करवत. वर्षभर भुश्शात लोळणारी ही मंडळी त्या दिवशी तेलाच्या चिंधीनं पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. यंदा हत्यारं पुसून संपली तरी माझ्या हाताची खुमखुमी संपली नाही. पाटाच्या कडेला सासऱ्यांचा टॅब होता. म्हटलं, हेही हत्यारच. काच पुसली, पाठ पुसली, चार्जिंगच्या भोकातला मळ काडीनं काढला. तेवढ्यात टॅबनंच विचारलं, जागा भरत आलीय, आतली साफसफाई करू का? आता खंडेनवमीच्या दिवशी हे काय विचारणं झालं? कर म्हटलं. त्यानं जुन्या-पान्या झालेल्या गोष्टींची एक यादी समोर धरली. हाताला तेल म्हणून चष्मा काढून ठेवला होता. मी सगळ्यांवर टिचक्या मारल्या, ‘काढा’ दाबलं, वरनं एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

अशा रीतीनं मी सासऱ्यांची आगगाडी पुसून टाकली. पूजेसकट.

ही आगगाडी कुठली, ते सांगायला पाहिजे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर माणसाला काहीतरी होतं. कुणी जमीन घेतो, कुणी पंच होतो. मी खेळातली रेल्वे घेतली. शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत दोन दारांएवढी फळी टाकली, तिच्यावर रूळ बसवले, स्टेशनं लाकडाची घरीच केली. बायको तेव्हा गल्लीभर सांगत होती, पोरं शिकायला बाहेर गेली आणि यांचं बालपण घरी आलं. रुळांना वीज देणारी एक काळी डबी आहे. तिला स्वतःचं एक बटण नाही. टॅबवरचं एक अ‍ॅप सांगेल तसं ती इंजिनाला पळवते, थांबवते. अ‍ॅप नसेल तर ती डबी म्हणजे नुसती वीट.

तीन वर्षांमागं सासऱ्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. सासूबाई आधीच गेलेल्या, गावचं घर बंद पडलेलं. बायकोनं आपल्या अण्णांना इकडं आणलं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासरा जावयाला पावणं म्हणतो. जावई साठ वर्षांचा झाला तरी पावणंच. आणि लेकीच्या घरी बापानं राहायचं म्हणजे जुन्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं. मामा तीन वर्षांत माझ्याकडं एक गोष्ट मागतील तर शपथ. भाकरी वाढू का म्हटलं की पोटावरनं हात फिरवतात, आणि बायको न विचारता वाढते तेव्हा मुकाट्यानं खातात.

मामांनी सगळी नोकरी रेल्वेत काढली, मिरजेच्या लाइनवर सांधेवाला म्हणून. रूळ जिथं फुटतात तिथं दांडा ओढून गाडी नेमक्या लाइनीला घालायची, हे त्यांचं काम. एकदा त्यांना सहज वर नेलं, टॅब डाव्या हातात दिला. पडद्यावर एक मोठं चाक काढलेलं होतं. अंगठ्यानं ते फिरवलं की गाडी हलायची. मामांनी अंगठा टेकवला, गाडी सुटली, आणि मामा म्हणाले, “पावणं, लाइन किलेर हाय न्हवं?”

लकव्यानंतरचं ते त्यांचं पहिलं अडखळल्याशिवायचं वाक्य. बायको जिन्यातच बसून राहिली.

तेव्हापासनं रोज साडेपाचला मामा कठडा धरून एकेक पायरी वर येत. टोपी घालून. लाइन क्लिअर आहे का विचारत, मी हाय म्हणायचं, मग गाडी सोडत. त्या अर्ध्या तासात जीभ सरळ चालायची. खालच्या मजल्यावर पाणी मागताना अडखळणारा माणूस वर हुकूम सोडायचा. आणि हीच एक गोष्ट अशी होती की ती ते माझ्याकडं मागत नव्हते. ड्यूटीवर आल्यासारखे येत होते.

नवमीला साडेपाचला ते आले तेव्हा मी टॅब घेऊन घामाघूम बसलो होतो. अ‍ॅप नव्हतं. पुन्हा घ्यावं म्हणून अ‍ॅपच्या दुकानात गेलो, तर तिथंही नव्हतं. नाव घातलं, स्पेलिंग बदलून घातलं, रेल्वे एवढंच घातलं. पोरींचे केस विंचरायचे खेळ मिळाले. शेवटी एका कोपऱ्यात सापडलं की बऱ्याच काळात नवं केलं नाही म्हणून ते दुकानातनं काढून टाकलंय. ज्याच्याजवळ आहे त्याचं चालेल, नव्यानं कुणाला मिळणार नाही. आणि ज्याच्याजवळ होतं त्यानं सकाळीच झेंडू वाहून ते घालवलं होतं.

मी मामांना सांगितलं, टॅब चार्ज व्हायचाय. मामा बरं म्हणाले आणि एकेक पायरी खाली गेले.

मला राग आला तो इथं. आधी स्वतःचा, पण तो फार टिकत नाही, सवय आहे. मग त्या दुकानाचा. अरे, मोडलं होतं का ते? गंजलं होतं? कुणाचा हात कापला होता त्यानं? रोज साडेपाचला गाडी सुटत होती आणि सहाला पोचत होती. खऱ्या रेल्वेलासुद्धा जमत नाही ते. पण नाही. नवं केलं नाही, हाच गुन्हा. एखादी वस्तू चांगली चालते म्हणून तिला कुणी हात लावला नाही, तर लगेच ती शिळी?

आमच्या कारखान्याच्या माळ्यावर तीन पिढ्यांचे पॅटर्न आहेत, पाठीवर रंगानं नंबर टाकलेले. गेल्या हंगामात कोडोलीकडचा एक गुऱ्हाळवाला इंजिनाचं फुटकं झाकण पोत्यात घालून आला. ती इंजिनं करणारा कारखाना बंद होऊनही जमाना झाला. मी शिडी लावून वर चढलो, जाळ्या झटकल्या आणि पॅटर्न काढला. माझ्या वडिलांच्या हातचा. आठवड्यात झाकण ओतून दिलं आणि त्याचं गुऱ्हाळ सुरू झालं. त्याला मी असं म्हटलं असतं की पावणं, तुमचं इंजिन जुनं हाय, पॅटर्न आम्ही जाळला, नवं इंजिन घ्या, तर त्यानं ते झाकण माझ्याच डोक्यात घातलं असतं आणि गाव त्याच्या बाजूनं उभा राहिला असता. मग या दुकानदारांच्या डोक्यात कुणीच का काही घालत नाही? जागेची अडचण म्हणावी तर त्यांना माळाही लागत नाही.

डबी विकणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो गोड आवाजात म्हणाला की ते आउटडेटेड आहे सर, आता नवी डबी, नवं अ‍ॅप. मी विचारलं, नव्या अ‍ॅपमध्ये ते मोठं चाक आहे का, डाव्या अंगठ्यानं फिरतं का? तो म्हणाला, नाही सर, त्यात दोन हातांनी करायचं असतं, फार सुंदर आहे. मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. शेजारच्या कारखान्यातली लेथ बंद करून माणसं ऐकायला आली.

मग ज्यानं ते अ‍ॅप लिहिलं होतं त्याचा पत्ता हुडकला. कुठल्याशा परदेशातला एकटा माणूस, आवड म्हणून केलेलं. त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. सासरा, लकवा, डावा अंगठा, सगळं. खंडेनवमी कशी समजवायची ते न कळल्यानं लिहिलं की धार्मिक कारणानं अ‍ॅप गेलं.

दसरा झाला. मामांनी डाव्या हातानं मला आपट्याचं पान दिलं, सोनं घ्या पावणं म्हणाले, टॅबबद्दल चकार शब्द नाही. त्यांना दिसू नये म्हणून टॅब मी पिशवीत घालून कारखान्यात नेऊन ठेवला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत पत्राचं उत्तर बघायचं, नाही म्हणून तडकायचं, आणि घरी येऊन पोळी भाजलीय का जाळलीय यावरनं बायकोवर काढायचं. साडेपाचला मामा वर येईनासे झाले. मला वाटलं, बरं झालं, खोटं बोलायला लागत नाही.

चौथ्या दिवशी मी चप्पल काढतोय तोवर बायको दारात आली. म्हणाली, “अण्णा गावाकडं सोड म्हणतायत.”

मी म्हटलं, गावाकडं कोण आहे?

“कोण न्हाय. तरी सोड म्हणतायत. टॅब कुठं हाय?”

कारखान्यात, म्हटलं.

“त्यांना वाटतंय, तुम्ही काढून घेतलाय. पावण्यांना जड झालं असंल, म्हणाले. तोंडानं सांगवत न्हाय म्हणून वस्तू उचलली म्हणाले.”

माझं डोकंच सटकलं. तीन वर्षं एका ताटात जेवतोय आणि एवढंच ओळखलं मला? एका शब्दानं विचारता येत नव्हतं? मी बराच वेळ बोललो आणि आवाज बारीक नव्हता. मग बायको म्हणाली की ते पावण्याला विचारणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही चार दिवस गप्प बसलात. मी दुसरी चप्पल काढली आणि आत गेलो.

मामा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. शेजारी कापडी पिशवी भरलेली. धोतर, औषधं, टोपी. पिशवीचे बंद मोकळेच लोंबत होते. एका हातानं गाठ बसत नाही, आणि गाठ मारून दे म्हणून लेकीला सांगायचा धीर झाला नसावा. मी खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तेल, चष्मा, झेंडू, दुकान. चार दिवस खोटं बोललो तेही.

मामा जड जिभेनं एकेक शब्द जुळवत म्हणाले, “आमच्यात सांधा चुकला, तर आदी मास्तरला सांगायचं. मग रडायचं. तुमी आदी रडला.”

मी म्हटलं, “तुम्ही तरी विचारायचं की हो, मामा.”

“पावण्याला कसं इचारू?”

पिशवी त्यांनी कॉटखाली सारली. रिकामी मात्र केली नाही. गाडी पुन्हा चालेल का, असंही विचारलं नाही. मला ती न विचारलेली गोष्ट रात्रभर पुरली.

उत्तर सातव्या दिवशी आलं. चार ओळींचं. लिहिणारा म्हातारा होता, त्याचे डोळे गेले होते. दुकानाच्या नव्या नियमांप्रमाणं सगळं पुन्हा लिहा, अशा नोटिसा त्याला येत राहिल्या. त्याच्यानं झालं नाही, त्यानं सोडून दिलं. सोबत जुन्या अ‍ॅपची फाइल जोडली होती. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार, असं लिहिलं होतं, आणि धार्मिक कारणाबद्दल काहीही विचारलं नव्हतं. सभ्य माणूस.

फाइल टॅबवर घालायला गेलो तर टॅब आडवा आला. ही वस्तू ओळखीची नाही. ही धोक्याची असू शकते. ही जुनी आहे, तुमची काळजी वाटते म्हणून सांगतो. अरे भडव्या, ज्या दिवशी मी आंधळ्यासारखा सगळं पुसत होतो त्या दिवशी कुठं गेली होती तुझी काळजी? तेव्हा एका टिचकीत मोकळा झालास, आणि आता परत आणतोय तर तीनतीनदा विचारतोस? मी तिन्ही वेळेला ‘तरीही’ दाबलं. इतक्या जोरात, की बायको म्हणाली काच फोडाल.

साडेपाचला मामा टोपी घालून वर आले. अंगठा चाकावर ठेवला. लाइन किलेर हाय का विचारलं. मी हाय म्हटलं. गाडी सुटली, पुलावरनं गेली, माझ्या लाकडी स्टेशनात येऊन थांबली. त्याच वेळेला खऱ्या स्टेशनातल्या गाडीचा भोंगा ऐकू आला आणि मामा म्हणाले की ती उशिरा हाय.

माझा राग काही गेलेला नाही. नव्या टॅबवर ती फाइल चालत नाही, मी बघितलं. म्हणजे हा एकच टॅब, आणि आतल्या बॅटरीनं त्याची पाठ आताच थोडी फुगलीय. तो गेला की कुठलंतरी दुकान मला सांगणार की तुमचं जुनं झालं. त्या दिवशी मी काय करणार, ठाऊक नाही. नुसतं शिव्या देऊन गाडी पळत नाही, हे कळण्याइतकं माझं वय झालंय, तरी शिव्या सुटत नाहीत.

संध्याकाळी खाली आलो तर बायको मामांच्या पिशवीतलं धोतर काढून खुंटीवर घालत होती. टॅब तिनं माझ्या हातातनं घेतला, पदरानं पुसला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. म्हणाली, “पुढच्या नवमीला तुम्ही तुमच्या रंध्याची पूजा करा. ह्याला हळदकुंकू मी लांबनं टाकीन.”