दोन सुपरचार्जर आणि अण्णाचा कान

सुपरचार्जर एक बसवावा की दोन, असं कोणी विचारलं की मी आधी रस्ता कुठला ते विचारतो. लांब सरळ रस्ता आणि मोठं इंजिन असेल तर दोन. इंजिनात हवा दाबून भरायचं काम दोन पंख्यांत वाटलं जातं आणि जोर शेवटपर्यंत टिकतो. घाटाची वळणं असतील, बॉनेटखाली जागा कमी असेल, तर एकच. हे शहाणपण माझं नाही. माझ्या थोरल्या भावाचं आहे, आणि मी ते त्याच्या तोंडावर हसण्यावारी नेलं होतं.

अण्णा आमच्या गावी, कुंभारवाड्यात राहायचा. भातशेती सांभाळून आसपासच्या वाड्यांवरच्या जीपा दुरुस्त करायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून दुखणं सांगायचा. बसचा भरवसा नाही, त्यामुळे आजारी माणूस काय, बाळंतीण काय, सगळी त्या जीपांतूनच जायची. मला, त्याच्या तम्माला, म्हणजे धाकट्या भावाला, बेळगावला शिकायला त्यानंच पाठवलं. परत येऊन रामनगरला गॅरेज घातलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

गोव्याचं एक हौशी गिऱ्हाईक आपली वेगवान गाडी घेऊन आलं. अनमोड घाटात ती उडाली पाहिजे, एवढीच त्याची मागणी. मी दोन सुपरचार्जर ठरवले. अण्णा त्या दिवशी सहज आला होता. बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला, “तम्मा, ह्यो पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतोय न्हव? मग खाणारी तोंडं दोन कशाला? आन् दुसरा बसवलास तर वारं थंड करायची जाळी कुठं ठेवशील?”

“अण्णा, हे जीपचं काम न्हाई,” मी गिऱ्हाइकासमोर हसत म्हणालो. “तुझ्या कानाला ह्यातलं कळायचं न्हाई.”

गिऱ्हाईकही हसलं. अण्णानं बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं.

आमच्याकडे नवं इंजिन पहिल्यांदा चालू करायचं ते घरातल्या थोरल्यानं, नारळ फोडून. ठरल्या दिवशी तो नारळ घेऊन आला, पण मी आदल्या दिवशीच गाडी चालू करून पाहिली होती. गिऱ्हाइकाला घाई होती, आणि खरं सांगायचं तर मलाच धीर नव्हता. “झाली व्हय चालू?” एवढंच त्यानं विचारलं. नारळ टेबलावर ठेवला, चहा प्यायला आणि गेला.

सपाटीला गाडी सुसाट पळाली. घाटात मात्र माझं पितळ उघडं पडलं. दुसऱ्या सुपरचार्जरला जागा करायची म्हणून मी इंटरकूलर, म्हणजे अण्णाची ती जाळी, लहान केली होती. दाबलेली हवा तापू लागली आणि इंजिन स्वतःला वाचवायला जोर कमी करू लागलं. वळणातून बाहेर पडताना तर दोन्ही पंखे फिरवण्यातच त्याचा दम जायचा. मी मुकाट्यानं एक काढला, जाळी मोठी केली, आणि गाडी घाट चढली. अण्णाला काही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी गावी गेलो. अण्णा अंगणात शेजाऱ्याला सांगत होता, “मी एकच बसव म्हनलो हुतो. ह्यानं दोन बसवलं आन् गाडी झ्याक गेली. आपला कान जुना झाला बघ.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “चांगली चाललीया न्हव?”

“व्हय,” मी म्हणालो. मला लाज वाटली, पण मोठेपणा सोडवला नाही.

त्यानंतर त्यानं जीपांना हात लावणं सोडलं. आलेल्याला तो रामनगरला माझ्याकडे धाडायचा.

गेल्या वर्षी अण्णा गेला. बाराव्याला एक जीपवाला माझ्याजवळ येऊन बसला. “जीप बघा म्हनून लई इनवलं आमी. म्हनायचे, मला आता इंजिनातलं कळत न्हाई, तम्माला इचारा.”

अण्णाच्या कानाला शेवटपर्यंत काही झालं नव्हतं. आत कुजबुज झाली तरी त्याला ओसरीवर ऐकू यायची. भोवती सगळा गाव बसला होता, तिथं तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी मान हलवली आणि म्हणालो, “व्हय, वय झालं हुतं त्याचं.”