निळा की गणपतीच्या अंगाचा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हमरापूरहून मला रोह्याला दिली ती दुसरेपणावर. नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. आमच्या खोलीच्या भिंती तिनंच रंगवलेल्या, चुन्यात नीळ कालवून. सकाळी डोळा उघडला की समोर तो निळा. बाई गं! कुणीतरी उशाशी उभं राहून बघतंय असंच वाटायचं.

मला सातवा लागला तेव्हा म्हटलं, आता बस्स. माहेरी आम्ही गणपती रंगवायचो. मूर्तीच्या अंगाला देतात तो गुलाबीसर रंग भावाकडून मागवला, ट्रंका सरकवल्या आणि निळ्यावर वीतभर पट्टा ओढला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "भिंतीचा काय गणपती करतेस गो?" मी हसले, पण माझं ठरलं होतं. ओल्या रंगावर आम्ही भरवसा ठेवत नाही, म्हणून दोन दिवस थांबले. माझा रंग चांगला उजळ दिसायचा. पण खरं सांगते, नजर जायची ती निळ्याकडेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाठ भरून आली म्हणून जमिनीवर बसले, तर सरकवलेल्या ट्रंकांच्या मागं हातभर भिंत खाली पांढरीच. कुंच्याचे फटकारे वरून आलेले आणि तिथं थांबलेले.

"हे असं का हो?" मी विचारलं.

सासूबाई आत आल्या, त्या पांढऱ्यावर हात टेकला. मग म्हणाल्या, "पोटामुळं वाकता येत नव्हतं तिला. मीच बोलले, ऱ्हाऊ दे गो, खालचं बाळंतपण झाल्यावर कर."

मला भीती वाटली, आणि त्या बिचारीचा इतके दिवस राग केला त्याची लाजही. चुना नि नीळ मागून घेतली आणि बसल्या बसल्या सरकत ती पांढरी भिंत निळी करत गेले. मग उठून माझ्या गुलाबी पट्ट्यावरही तोच हात मारला. सासूबाई म्हणाल्या, "पुरे गो, दमशील, उरलेलं मागाहून..." आणि मध्येच थांबल्या.

संध्याकाळी नवरा धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला तो दारातच थबकला.

"निळाच? तुला तर नको होता ना?"

"नकोच होता," मी म्हटलं. "पण बाळंतपण झाल्यावर करू म्हणून या खोलीत मला काय म्हणजे काय मागं ठेवायचं नाय."