चार इंच वर

आमच्या कसबा बावड्यातल्या शेजाऱ्यानं शेताला जायला म्हणून जीप उंच करून घेतली. मेकॅनिक म्हणाला, दोन इंच बास की. पण याला गल्लीत सगळ्यांच्या वर बसायचं होतं. चार इंच, नवे स्प्रिंग, नवे शॉकअप. म्हाताऱ्या आईला चढायला प्लास्टिकचं स्टूल. भेटेल त्याला वाकायला लावतो, "बघ, खालनं कुत्रं जातंय."

परवा उसाच्या वाटेवर चिखल होता. यानं जीप डांबरीवर उभी केली आणि माझी जुनी मोपेड अडवली. "शेतापर्यंत सोड. गाडी कालच धुतलीया."

मागं बसला, चिखल उडू नये म्हणून दोन्ही पाय वर धरून. म्हणाला, "तुझी गाडी लईच बसकी हाय मर्दा. जरा उचलून घे की."