डिकीतले आप्पा

समस्त भावकी, सोयरे आणि येडशीतल्या हितचिंतकांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं, की आमचे वडील त्यांच्याच अँबॅसिडरच्या डिकीत अडकले होते आणि त्यांना अडकवणारा महापुरुष मी होतो. (घाबरू नका. आप्पा वारून तेव्हा दहा दिवस झाले होते.)

ती पांढरी अँबॅसिडर म्हणजे आप्पांचं पहिलं अपत्य. आक्का दुसरी, मी तिसरा; मायेचा क्रमही तोच. तिची किल्ली आप्पांच्या करदोऱ्याला बांधलेली असायची, अंघोळीलासुद्धा सुटायची नाही. मी पन्नाशी ओलांडली तरी मला ती मिळाली नाही. मागितली की आप्पा आईकडं बघून म्हणायचे, "ह्याच्या हातात किल्ली द्यायची न्हाई. कायतरी करून ठेवंल."

शेवटची अंघोळ घालताना करदोरा तोडला. आक्कानं किल्ली माझ्या मुठीत ठेवली. ती कोमट लागली. आप्पा तर केव्हाच गार पडले होते. माझीच मूठ तापली असणार.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधतात. पण आमच्या लिंबावर रामलिंगच्या देवळाकडची वानरं उतरतात, आणि त्यांना भाकरीचं गाठोडं काय अन् आमचे आप्पा काय, सारखंच! म्हणून मी सुचवलं, "गाडीच्या डिकीत ठेवू." सगळ्यांना पटलं. इथंच थांबायचं होतं. पण अंगणात एवढी माणसं जमलेली, आणि माझ्या अंगात जन्मापासून नाटक! डिकी उघडून अस्थींचं मडकं आत ठेवलं, वरचं लाल फडकं सोडलं, किल्ली मडक्यात टाकली आणि खड्या आवाजात म्हणालो, "आप्पांची किल्ली आप्पांबरोबरच जाऊ द्या!"

बायकांना हुंदके अनावर झाले. मी फडक्याला गाठ मारली, डोळे पुसले आणि धाडकन डिकी लावली. ती लावली की आपोआप कुलूपबंद व्हायची. (दुसरी किल्ली घरात आहे, याची मला पक्की खात्री होती.)

दहाव्याच्या सकाळी अस्थी घेऊन तेरणा नदीवर निघायच्या वेळी मी किल्ल्यांचा डबा जमिनीवर पालथा केला.

"ही असंल," मी म्हणालो.

"ती माझ्या रुखवतातल्या पेटीची हाय, बाळ्या!" आक्का ओरडली.

"मग ही?"

"ती मोडीत घातलेल्या कपाटाची."

आमच्या घरात नसलेल्या प्रत्येक वस्तूची किल्ली त्या डब्यात होती!

एका चुलत्यानं लोखंडी पहार आणली. नऊ दिवस आई भिंतीला टेकून होती. बोलली नव्हती, रडली नव्हती, नुसता पुढ्यातला चहा गार करायची. ती उठली आणि डिकीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"पत्र्याला पोचा आला न्हाई पायजे. लेकरावानी पुसलीया त्यांनी. आन् दिवस मावळायच्या आत त्यांना नदी दिसली पायजे."

मग बाजारातून कुलपं-किल्ल्या करणारे शब्बीरमामू आले. त्यांनी आधी गाडीला हात लावून कपाळाला लावला, मग कुलपात तार घातली.

"बाळासाब, तुमचे वडील हौर ये कुलूप, दोघं एकसारखे. लई जिद्दी!"

टक्!

"काय झालं, मामू?"

"तार तुटली."

"कुठं?"

"आतमंदी."

"मग आता?"

"आता खरी किल्ली आली तरी जानार न्हाई."

राहिली फक्त मागच्या सीटची वाट. दारांची कुलपं कधीच गंजून गेली होती, म्हणून गाडीत तरी शिरता येत होतं. मामूंनी सीट उपसली, पाठीमागची फळी काढली. एक भगदाड दिसलं.

"कोण जाणार?" मी विचारलं.

"कोंडलंस कुणी?" आक्का म्हणाली.

श्वास आत ओढून मी शिरलो. अंधार, पेट्रोल आणि सुपारीचा वास. हाताला आधी आप्पांचं गाडी पुसायचं फडकं लागलं, घडी घातलेलं. मग मडकं. ते मांडीवर घेतलं. आप्पांच्या गाडीत, आप्पांच्या इतक्या जवळ, तेही ओरडा न खाता, मी आयुष्यात पहिल्यांदाच बसलो होतो. मला रडू फुटलं. मोठ्यानं.

बाहेर डिकी रडताना ऐकून मामू मागं सरले. "या अल्ला!"

"बाळ्या, रडायलास का? आप्पा गावले का?" आक्कानं विचारलं.

"गावले!"

मडकं भगदाडातून अलगद आक्काच्या हातात गेलं. मग मी निघालो. डोकं आलं, खांदे आले, आणि पोटानं पुढं यायला साफ नकार दिला! मामू एक हात ओढतायत, आक्का दुसरा, चुलते लांबून "श्वास सोड, श्वास सोड" करतायत, आणि मी मागच्या सीटच्या जागी अर्धा उगवलेला.

आईनं मडकं मांडीवर घेतलं. गाठ सोडली, किल्ली काढली, पदरानं पुसली आणि कनवटीला खोचली. मग माझ्याकडं पाहिलं. नऊ दिवसांची दाढी वाढलेलं माझं तोंड, त्यावर जाळी-जळमटं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच अडलेलं सगळं रडू बाहेर पडलं. मडक्यावर हात फिरवत ती मोठ्यानं म्हणाली,

"आवो, तुमी म्हणत होता तेच खरं! ह्याच्या हातात किल्ली द्यायचीच नव्हती!"