डाव्या हाताची घागर

डोळा लागतोय की नाही, मलाच कळत नाही. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलंय. मी ओसरीच्या खांबाला पाठ टेकून बसलोय आणि समोर राखेवर अर्धवट घागर ठेवलीय. काठ झालाय, गळा झालाय. खालचं अंग तसंच जाडंभरडं, बूड उघडं. संध्याकाळपर्यंत थापली नाही तर माती कडक होईल आणि लाकडी थापी लागली की तडकेल. सगळं ठाऊक आहे, पण हात उचलत नाही. थकलो बुवा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली. आमच्या खानदेशात आखाजीला पितरांच्या नावानं कोरी घागर भरतात. घागरीतून जे पाणी झिरपतं ते गेलेल्या माणसाच्या तोंडी लागतं, असं जुनी माणसं सांगायची. यंदा सुपडाची पहिली घागर. सुपडा म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर गेली.

एकेकाळी आमची कुंभारपेठ साऱ्या तालुक्याच्या पितरांना पाणी पाजायची. आता पेठेत चाक उरलंय एकच, माझं, आणि तेही, मडकी भाजायच्या आव्यासकट, सुपडा गेल्यापासून बंद होतं. काल या एका घागरीपुरतं फिरवलं. चाक पुरुषाचं, थापी बाईची, अशी आमच्या घरची वाटणी. उभा जन्म मी गळे काढले आणि बुडं तिनं बांधली. आता तिच्याच घागरीचं बूड कोण बांधणार? आमचा पोरगा रतिलाल म्हणतो, "अप्पा, जिवाला त्रास कशाला? ट्रकनं तयार घागरी येतात, रंगवलेल्या. आणतो एक." आण बाबा, आण. ऑइलपेंट फासलेली घागर झिरपते कुठं? पण त्याला कोण सांगणार, पालथ्या घड्यावर पाणी.

मान कलते. सावरतो. पुन्हा कलते.

"व माय! बसल्या बसल्या घोरताय?"

सुपडा समोर उभी आहे. पदर खोचलेला, कोपरापर्यंत राख. तिच्या येण्याचं मला नवल वाटत नाही. नवल एवढंच, की तिला धाप लागलेली नाही.

"आलीस?"

"आले. उठा आता, भोंगा व्हायच्या आत पोचायचंय."

"अगं, कारखाना बंद पडून जमाना झाला."

"तुम्ही चला हो."

ओसरीची पायरी उतरतो तो पाय थेट कौलांच्या कारखान्याच्या अंगणात. ओल्या कौलांच्या रांगा वाळत पडल्यात, आत साचा धपाधप आपटतोय, धुराडं धूर ओकतंय. अर्धी पेठ इथं दिसते. माझा काका, चुलत भाऊ, शेजारचा दगा, सगळे आपापलं चाक घरच्या अंगणात पालथं टाकून हजेरीवर आलेले. माझा बाप फाटकाबाहेर उभा राहून ओरडतोय, "साच्यात माती दाबतो तो कसला रे कुंभार!" कोणी मान वर करत नाही. का करतील? इथं दर शनिवारी रोकडा पगार, आणि बापाला बलुत्याचं धान्य सुगीला एकदा, तेही पाटलाची मर्जी असली तर.

सुपडा आता सतरा-अठराची पोर आहे. डोक्यावर फळी, फळीवर कौलं.

"इथंच बघितलंत तुम्ही मला," ती म्हणते.

"बघितलं म्हणजे? डाव्या हातानं फळी उतरवलीस आणि सगळी कौलं पाडलीस."

"मुकादम शिव्या घालत होता आणि तुम्ही दात काढत होता."

"मग लग्न केलं ना?"

"मोठे उपकार केले!"

धुराड्याला वळसा घालतो तर आखाजीचा बाजार. बायका आमच्या ढिगापुढं बसल्यात. कोणी टिचकी मारून बघत नाही. घागर उलटी करतात आणि बुडावरून अंगठा फिरवतात. थापीचे ठोके डावीकडे कललेले लागले की म्हणतात, "हीच द्या, सुपडाची आहे." बाकी पेठेचे ठोके उजवीकडे कलतात. डावखुरी सून आणली म्हणून माझ्या आईनं कपाळावर हात मारला होता. डाव्या हाताचं मडकं पितरांना चालायचं कसं, म्हणे! चाललं. नुसतं चाललं नाही, त्या डाव्या हातावर घर चाललं. तिची घागर पातळ, आणि पाणी असं गार की पाहुणा दुसरा पेला मागायचा.

"बाई, ती मोठी केवढ्याला?" असं कोणीतरी विचारतं. मी वळून सांगायला जातो तर बाजारात चिटपाखरू नाही.

पेठेतल्या दारांना कुलपं आहेत. आम्ही दोघं मधून चालतो.

"दगाचं घर बंद का?"

"सुरतेला गेला. घरांवर स्लॅब आले, कौलं कोण घेणार? कारखाना मिटला. चाकाकडं परत यायला हात राहिले नव्हते."

"आणि तुमचे काका?"

"वीटभट्टीवर गेले. तिथंच गेले."

नदीवर येतो. जिथून बाप गाढवावर माती आणायचा तिथं नुसता खड्डा आहे.

"माती कुठंय हो?"

"गाळ वर धरणात अडकतो. मी आता गोणीनं विकत आणतो." मी खड्ड्याच्या काठावर बसतो. "सुपडा, मला आता होत नाही. बंद करू का?"

"करा की. मी कुठं अडवलंय?"

वाटलं होतं, नको म्हणेल. "रत्या आवा पाडून खोल्या काढतो म्हणतो."

"काढू द्या. त्यालाही पोरंबाळं आहेत."

"मग तुझी घागर?"

"आपल्या घरात पितरांना कधी धड घागर मिळाली का? चांगल्या विकायला, तडकलेली घरात. तुमच्या बापाच्या नावानंही तडकलेलीच भरली आपण. मलाही ठेवा एखादी."

"नाही ठेवणार!" मी ओरडतो. रडू येतं आणि मी ते लपवत नाही. "तुला फुटकी नाही ठेवणार. पण बूड बांधता येत नाही गं मला. तूच बांध."

"काय बाई तरी! आपल्याच नावाची घागर आपणच थापायची? तुम्ही थापा."

"मला येत नाही."

"जन्मभर समोर बसला होतात ना? बघत काय होता मग?"

"तुला बघत होतो."

ती पदर घट्ट खोचते. मग म्हणते, "सरका."

आम्ही ओसरीवर आहोत. ती माझ्या हातांना राख लावते. दगडी गुंडा माझ्या उजव्या हातात देऊन हात घागरीच्या आत घालते. "हा आतून टेकवा. तान्ह्याचं डोकं धरतात तसा." मग थापी माझ्या डाव्या हातात कोंबते.

"डाव्या?"

"मला दुसऱ्या हातानं कुठं शिकवता येतं?"

ठप. ठप. ठप. "हळू. आवाज बसका आला म्हणजे तिथं जाड आहे. तिथं अजून द्या." बूड मिटत येतं. तिचा हात माझ्या हातावर आहे, खरखरीत, ओळखीचा.

"सुपडा, तहान लागते का गं तिकडं?"

ती घागर थोडी फिरवते.

"लागते," ती म्हणते. "थांबू नका."

भोंगा होतो. पुन्हा होतो. मोटारसायकलचा हॉर्न आहे.

डोळे उघडतात. अंगणात रतिलाल, काखेत निळी रंगवलेली घागर. "अप्पा, आणली बरं का. गेरूचा पण रंग होता, पण म्हटलं आईला निळा..." तो बोलता बोलता थांबतो.

राखेवर घागर पुरी झालेली आहे, गोल, बूड मिटलेलं. थापी माझ्या डाव्या हातात आहे. मी उजव्या हाताचा माणूस, डाव्या हातानं मला चहाची बशीसुद्धा धरता येत नाही. डावा खांदा ठणकतोय.

रतिलाल निळी घागर खाली ठेवतो. उकिडवा बसून ओली घागर जपून कलती करतो आणि बाजारातल्या बायांसारखा बुडावरून अंगठा फिरवतो. एकदा. परत एकदा.

"हे तर आईचे ठोके," तो म्हणतो. "कोणी थापली?"

"मी झोपलो होतो रे."

तो माझ्याकडं बघतो, मग आव्याकडं बघतो. आव्यावर गवत उगवलंय. तो उठतो, शर्ट काढून मोटारसायकलच्या हँडलला अडकवतो.

"अप्पा," तो म्हणतो, "गवऱ्या कोणाकडून आणू?"