भाईच्या जीपमधली गाणी

ती गाणी चांगली होती असं माझं म्हणणं नाही. नव्वदच्या दशकातलं हिंदी पॉप म्हणजे कीबोर्डवर कीबोर्ड, मशीनच्या टाळ्या, आणि आवाजाला इतका एको की गाणारा विहिरीत उतरून गातोय की काय असं वाटावं. तरी मला ती आवडायची, अजून आवडतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मी वरवंडहून दौंडच्या कॉलेजला वडापच्या जीपनं जायचे. भरल्याशिवाय जीप हलत नसे, म्हणून प्रत्येक ड्रायव्हर टेप मोठा करून गिऱ्हाईक ओढायचा. बाकीच्यांकडं भक्तिगीतं नाहीतर लावण्या. हे पॉप फक्त आमच्या गल्लीतल्या भाईकडं. आम्ही मुली नंबर लागलेली जीप सोडून त्याच्यासाठी थांबायचो. माझ्या वडिलांना, आप्पांना, हा सगळा थिल्लरपणा वाटे. ते बसले की टेप बंद करायला लावायचे, आणि भाई मुकाट्यानं करायचा.

गळीत हंगामात एका दुपारी आप्पांच्या छातीत कळ आली. भाई त्याच्या घरी जेवायला आला होता, हातचं ताट सोडून त्यानं जीप काढली. आप्पा मधल्या सीटवर आडवे, डोकं माझ्या मांडीवर. आजारी माणूस म्हणून भाईनं टेप आपणहून बंद ठेवला.

पाटसला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. जीपमध्ये आवाज एकच, आप्पांच्या श्वासाचा. एक येई, मग पुढचा येतो का म्हणून मी त्यांच्या छातीकडं बघत राही. मी फार घाबरले होते. आप्पांना ते दिसत होतं.

"टेप लाव," ते भाईला म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या आप्पा. तरास हुईल तुम्हाला."

"लाव म्हंतो न्हवं. पोरगी माझा श्वास मोजतीया."

भाईनं लावला. ट्रॉल्या सरकल्या, जीप दौंडच्या रस्त्याला लागली. समुद्र, गॉगल, कुणाच्या तरी डोळ्यांची तारीफ, सगळं नेहमीच्या झगमगाटात वाजत राहिलं. आप्पांनी डोळे मिटले. मग मलाही खिडकीबाहेर बघता आलं.

दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी नाडी बघितली, आणि श्वास कधी थांबला असं मला विचारलं. मला सांगता आलं नाही. आप्पांना तेच हवं होतं.